हळदी कुठं जाते

मौजा कोसमटोला, डाक सडक अर्जुनी
१८ जानेवारी १९२७

चिरंजीव केवळरामाले तुह्या मोठ्या बहिणीचा, बाईचा, आशीर्वाद. तू अन् माही भावजय शांती बरे असाल.

संक्रांतीचे तीळ पाठवायचे राहून गेले, त्याचं कारण ऐक. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी वरच्या टोल्यावरची, डोंगरातल्या वस्तीवरची, रुख्मा धावत खाली आली. म्हणाली, "बाई, खिंडीत माणसं खोदून राहिले." मी जशी होती तशी निघाली. खिंडीत पाहते तर दहा-बारा माणसं, कुदळी, सबली. हळदी जिथं डोंगराच्या खांद्यावरून आपल्या गावाकडं वळते, तिथंच तिच्या काठाले लागून चर खोदून राहिले होते. चर पलीकडच्या उतारापर्यंत नेला का हळदी आपल्याकडं येणारच नाई. ती पलीकडं चितळझरीत पडंल. अन् चितळझरीच्या खाली, बोरटोल्यात, तिथल्या जमीनदारानं, नंदलाल मालगुजारानं, यंदा नवं तळं बांधलं आहे.

तुले हे सांगायले नको, पण रागात हात थांबत नाई. डोंगरातून तीन नाले खाली येतात अन् चुलबंद नदीले मिळतात. बुटाई दिवाळीले आटते, चितळझरी होळीले. वैशाखात पाणी असते ते एकट्या हळदीले. आपलं तळं तिच्यावर, साठ घरांचे धान तिच्यावर, ऊस तर तिच्याबिगर नाईच. बाबा गेल्यापासून तळ्याचं तुडुम, पाणी सोडायचं तोंड, उघडायचं-झाकायचं काम माह्या हाती आहे. कोणाच्या धानाच्या बांधीत किती दिवस पाणी, हे मी सांगते. हळदी गेली तर मी काय सांगू?

मी अन् रुख्मा चरात उतरून बसलो. कुदळवाले थांबले. दुपारी नंदलाल घोड्यावर आला. तो ओरडला नाई, गोड बोलला. कोटातून कागद काढून खोगिरावर पसरला. "अनुसयाबाई, हा नवीन मोजणीचा सरकारी नक्शा. ही पाहा हळदी. कुठं जाऊन राहिली? चितळझरीत. तुमच्या गावाकडं तर ती येतच नाई."

मी म्हटलं, "खाली पाहा ना, पायापाशी. कुठं जाऊन राहिली ते दिसते."

तो म्हणाला, "पायापाशी चुकलं असंल. मी नक्शात आहे तसं करून राहिलो."

आम्ही सांज होईपर्यंत उठलो नाई. तेव्हापासून गावच्या बाया पाळीपाळीनं खिंडीत जाऊन बसतात. आपला मालगुजार भंडाऱ्यात राहते. त्याले हळदी काय अन् हळकुंड काय, सारखंच.

आता तुह्याकडं काम आहे. तू मोजणीच्या कचेरीत नक्शे उतरवतोस. हा नक्शा कोण्या आंधळ्यानं काढला त्याचं नाव शोधून कळव. त्या माणसाले मले एकदा पाहायचं आहे.

तुही बाई,
अनुसया

&nbsp;

नागपूर
२ फेब्रुवारी १९२७

तीर्थरूप बाईस केवळरामाचा नमस्कार.

पत्र पोहोचले. काळजी वाटली, हळदीची आणि त्याहून तुझी. खिंडीत जाऊन बसणे बरे नाही. नंदलालजींची वरपर्यंत ओळख आहे. उद्या त्यांनी तुझ्यावर काही किटाळ आणले तर मी इतक्या लांबून काय करणार?

नकाशाचे विचारलेस. बाई, एक नकाशा पुष्कळ हातांतून जातो. अमीन गावोगाव फिरून वहीत टिपणे करतो, त्यावरून कच्चा कागद होतो, वरचे लोक तपासतात, मग पक्का होतो. यात एका माणसाचे नाव घेणे कठीण आहे. घेऊन उपयोगही नाही.

त्यापेक्षा दुरुस्तीचा अर्ज कर. रामलाल मास्तरांकडून लिहून घे. हळदी बारमाही आहे हे पहिल्या ओळीत यावे. कोरड्या नाल्याला कोणी विचारत नाही. ती आपल्या गावाकडे वळते याला साक्षीदार दे आणि ते बाहेरगावचेही असू देत. रागाचा शब्द एकही नको. नकाशाची नक्कल मागवण्याच्या भानगडीत पडू नकोस, त्यात विनाकारण महिने जातात.

येत्या चैत्रात मला कायम करतील असे साहेब म्हणाले आहेत. सहा वर्षांनी. त्यामुळे सध्या रजा मागता येत नाही. शांती तुझी फार आठवण काढते. थंडी पडली आहे, शेकोटीजवळ बसत जा.

तुझा,
केवळराम

&nbsp;

कोसमटोला
२७ फेब्रुवारी १९२७

चिरंजीव केवळरामाले आशीर्वाद.

तू सांगतलं तसा अर्ज केला. मास्तरांनी लिहिला, रागाचा शब्द एकही नाई. लिहिताना ते दोनदा म्हणाले, "बाई, तुम्ही जरा गप बसा, मी लिहितो." साक्षीले चार गावची माणसं दिली. त्यात एक बोरटोल्याचाच म्हातारा आहे. त्याचा जन्म खिंडीत गुरं चारून हळदीचं पाणी पिण्यात गेला, तो नंदलालाले भ्याला नाई.

अर्जाचा एवढा गुण आला का तहसिलीतून हुकूम आला. चौकशी होईपर्यंत खिंडीतल्या कामाले दोन्ही बाजूंनी कोणी हात लावू नये. चपराशी म्हणाला, आता बायांनीबी तिथं बसू नये. मी म्हटलं, ते खोदणार नसतील तर आम्हाले तरी बसायची हौस आहे काय. आम्ही उठलो. पण तोवर चर कमरेइतका खोल झाला होता. हळदीचं पाणी अन् चर यांच्या मधात हातभर मुरमाची पाळ उरली आहे. उन्हाळ्यात ती टिकंल. पुढचं पुढं.

नक्शाची नक्कल मागू नको म्हणून तू लिहिलं. पण मी मागवली. अर्जात ज्या कागदाची चूक दाखवायची तो कागद पाहिल्याबिगर कशी दाखवावी? मास्तर होळीनंतर भंडाऱ्याले जाणार आहेत, ते आणतील.

त्या माणसाचं नाव तुले काढता आलं नाई, मी समजली. कचेरीत विचारपूस केली तर तुह्या नोकरीवर येईल, म्हणून तू भिऊन राहिला. काही हरकत नाई. सहा वर्षं राबला आहेस, कायम हो. आमच्यापायी तुही भाकर जाऊ नये. इथलं मी पाहते.

तुही बाई,
अनुसया

&nbsp;

कोसमटोला
२४ मार्च १९२७

राजमान्य राजश्री केवळराम यादोराव, मुक्काम नागपूर, यांस.

मास्तर काल नक्शाची नक्कल घेऊन आले. चावडीत लोक जमले होते. मास्तरांनी कागद पसरला, खालच्या कोपऱ्यातली बारीक इंग्रजी अक्षरं वाचली अन् कागद गुंडाळून ठेवला. म्हणाले, उद्या सांगतो. मी म्हटलं, आत्ता सांगा. त्यांनी मले पिंपळाखाली नेलं अन् हळूच सांगतलं. तिथं लिहिलं आहे, उतरवणार के. यादोराव.

मास्तर म्हणाले, "बाई, इंग्रजी वाचणारा गावात मी एकटाच आहे. मी कोणाले सांगणार नाई."

मी परत चावडीत गेली अन् लोकांले सांगतलं का नक्शा माह्या भावानं उतरवला. देवकाबाई तेवढी म्हणाली, "आपला केवळराम?" मी म्हटलं, "हो."

मले एकच विचारायचं आहे. ज्या दिवशी तू ती रेघ ओढली, त्या दिवशी तुले हळदी आठवली का नाई? आठवली नसंल तर तू आमचा नाईस. आठवली असंल तर तुले काय म्हणावं ते मले माहीत नाई.

अनुसया

&nbsp;

नागपूर
३० मार्च १९२७

बाई,

आठवली.

गेल्या वर्षी आषाढात आपल्या भागाची वही कचेरीत आली. ती माझ्या वाट्याची नव्हती. मी शेजारच्याकडून मागून घेतली. वाटले, आपला डोंगर आपल्या हाताने काढावा. बुटाई काढली, चितळझरी काढली. हळदीवर आलो तर वहीतली रेघ खिंडीपाशी उलटी वळलेली. मी पाने मागे-पुढे केली. डोंगराच्या तीन दिवसांच्या पानांवर मोजणीचा एकही आकडा नव्हता. अमीन डोंगर चढलाच नव्हता. तिन्ही पानांवर मुक्काम लिहिला होता, बोरटोला.

मी वही घेऊन मुख्य नकलनविसांकडे गेलो. म्हणालो, "साहेब, हा नाला आमच्या गावाला येतो. मी तिथलाच आहे."

त्यांनी मान वर केली नाही. "तिथलेच आहात म्हणूनच तुमचे ऐकता येत नाही. वहीत आहे तसे उतरवा."

मी जागेवर आलो. जेवणाच्या सुट्टीत सगळे उठले, मी उठलो नाही. पुन्हा जाऊन सांगता आले असते. लेखी देता आले असते. पण कायम करायच्या माणसांची यादी त्याच महिन्यात वर जायची होती. मी रेघ ओढली. ती इतकी सफाईदार आली की साहेबांनी तो कागद दुसऱ्यांना दाखवला, पाहा, असे काम हवे म्हणून.

तुझे पहिले पत्र आले तेव्हाच सांगायला हवे होते. मी तुला अर्ज कसा लिहायचा ते शिकवत बसलो. नक्कल मागवू नकोस असेही लिहिले. ते कशासाठी लिहिले हे आता तुला कळले असेल. आणि त्यावर तू मला लिहिलेस, तुझी भाकर जाऊ नये. ते पत्र मी शांतीला वाचून दाखवू शकलो नाही.

चौकशीत मी शपथेवर सगळे सांगेन. तू मला काय म्हणावे ते तू ठरव.

केवळराम

&nbsp;

नागपूर
२५ एप्रिल १९२७

तीर्थरूप बाईस नमस्कार.

महिना होत आला, तुझे उत्तर नाही. मागण्याचा मला हक्कही नाही. कामापुरते लिहितो.

चौकशीचे साहेब नऊ मेला खिंडीत येणार असे इथे कळले. मी रजा मागितली, ती नामंजूर झाली. कारण विचारले तेव्हा मी खरे कारण सांगितले. त्यानंतर माझ्याशी कोणी बोलत नाही. समोरच्या टेबलावरचा माणूससुद्धा शाई मागायची झाली तर दुसऱ्याकडे मागतो.

येता येत नाही म्हणून शपथेवरचा जबाब लिहून रजिस्टर डाकेने साहेबांकडे पाठवला आहे. अमिनाच्या वहीतल्या तीन पानांचे आणि मी ती रेघ कशी ओढली याचे, दोन्ही त्यात आहे. पाठवण्याआधी शांतीला सगळे सांगितले. ती तांदूळ निवडत होती, सूप बाजूला ठेवले. मग म्हणाली, "जबाब लिहिला, पण खाली सही केलीत का?" मी सही दाखवली. ती म्हणाली, "मग पाठवा."

केवळराम

&nbsp;

कोसमटोला
१२ मे १९२७

केवळराम,

नऊ तारखेले सायब आला. देशी होता, मराठी बोलत होता. नंदलाल वकील घेऊन आला होता. आंब्याखाली खाट टाकली, सायबानं तिथंच बसून तुहा कागद वाचून दाखवला. पूर्ण वाचला. अमिनाचा मुक्काम बोरटोल्यात होता हे आलं तेव्हा नंदलाल दुसरीकडं पाहू लागला. तुह्या कचेरीतल्या सायबानं तुही रेघ दुसऱ्यांले दाखवली हेबी त्यात होतं. गावानं ऐकलं. मीबी ऐकलं.

वकील म्हणाला, "हा बाईचा सख्खा भाऊ आहे, सायब. याच्या कागदाचं काय मोल?"

सायब माह्याकडं पाहू लागला. मी म्हटलं, "बरोबर आहे, भाऊच आहे. कागद ठेवा बाजूले. कागदानंच हे झालं. तुम्ही उठा अन् चाला."

दोन कोस चढण, वैशाखाचं ऊन. सायबाले घोड्यावरून उतरावं लागलं. रुख्मा पुढं, आम्ही चाळीसेक बाया मागं, डोक्यावर धानाच्या कोंड्याच्या टोपल्या. सायबानं विचारलं, "हे कशाले?" रुख्मा म्हणाली, "दिसंल."

खिंडीच्या वरच्या अंगाले आम्ही सगळ्या टोपल्या हळदीत उलट्या केल्या. पाणी घोट्याएवढंच होतं, पण वाहतं होतं. कोंडा वळणावर आला, जराशीक गिरकी घेतली अन् आपल्याकडं निघाला. आम्ही त्याच्याबरोबर चालू लागलो. सायबबी काठाकाठानं. प्रत्येक वळणाले मी नाव सांगत होती, हा घोरपडडोह, ही बैलघसर, इथं बाबानं अस्वल पाहिलं म्हणून अस्वलपाणी. तो लिहून घेत होता. उतरता उतरता त्यानं बूट काढून हातात घेतले. तिसऱ्या प्रहरी कोंडा आपल्या तळ्याच्या तोंडाशी येऊन थांबला. पिवळा सडा झाला होता पाण्यावर.

वकील तरी म्हणतो, "पाणी या लोकांनी हातानं वळवून आणलं असेल. मूळ नाला पलीकडचाच."

तेव्हा रुख्मा बोलली. ती सायबासमोर कधी बोलली नव्हती. काठावरच्या अर्जुनाच्या झाडाले हात लावून म्हणाली, "सायब, या झाडाले दोन माणसांचा वेढा पुरत नाई. असे वरपर्यंत दोन्ही काठांले आहेत. हे पाण्याबिगर वाढत नाई. हे आम्ही कधी आणून लावले?"

सायब त्या झाडाखाली बसला. पाणी प्याला. म्हणाला, "नकाशा चूक आहे."

तू म्हणशील झालं. झालं नाई. तो पुढं म्हणाला, रेघ पुसायचा अधिकार त्याचा नाई. पावसाळ्यानंतर, कार्तिकात, नवीन मोजणी होईल. तोवर चर जसा आहे तसा राहील, कोणी हात लावायचा नाई.

मी म्हटलं, "सायब, मधात हातभर मुरूम आहे. पहिल्या पुरात तो राहणार नाई. हळदी एकदा पलीकडं गेली का तिकडंच आपलं पात्र कोरंल. मग कार्तिकात मोजणीवाले येऊन काय मोजतील?"

"हुकूम असा आहे, बाई," तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता. पण उठून गेला. नंदलालाले तर हेच पाहिजे होतं. आता त्याले कुदळबी मारायची गरज नाई, पाऊसच त्याचं काम करंल.

आम्ही चर बुजवणार आहो. तुले आधी कळवते, म्हंजे उद्या कोणी विचारलं तर मले माहीत नव्हतं म्हणू नको.

तुहा कागद बाजूले ठेवा म्हटलं ते रागानं नाई म्हटलं. त्यावरची तुही सही सायबानं दोनदा पाहिली, मी पाहत होती.

अनुसया

&nbsp;

कोसमटोला
१० जुलै १९२७

तीर्थरूप बाईस, भंडारा जेल येथे, केवळरामाचा नमस्कार.

पत्ता वाचून तुला कळेल की मी घरी आहे. मे संपता संपता मला कचेरीतून कमी केले. पंधरा जूनला शांतीला घेऊन सौंदडला उतरलो. टेसनावर बोरटोल्याचा गाडीवान भेटला, त्याने सांगितले की दोन दिवसांपूर्वी तुला शिक्षा झाली, सहा आठवडे. तेव्हापासून भंडाऱ्याला निघायचे दोनदा ठरवले. दोन्ही वेळा नदीने वाट अडवली.

मी आल्यापासून जो तो मला त्या दिवसाची गोष्ट सांगतो. मृगाच्या आदल्या दिवशी सकाळीच तुम्ही सगळ्या खिंडीत गेलात. खाली दगड, मधे मुरूम, त्यावर चिकणमाती, आणि बैल नेता येत नव्हते म्हणून तुम्हीच ओळीने वर-खाली चालून ती तुडवलीत. नंदलालजींचा कारभारी आला, हुकूम मोडता म्हणाला. तू त्याला म्हणालीस, "लिहून घ्या, अनुसया यादोराव, कोसमटोला. अन् बाजूले व्हा, तुम्ही चरात उभे आहात."

कोर्टातले मास्तरांनी सांगितले. हुकूम माहीत होता का असे विचारल्यावर तू हो म्हणालीस. माफी मागितली तर सोडतो असे म्हणाले, तेव्हा तू म्हणालीस, "माफी मागितली तर चर पुन्हा उघडावा लागंल. तो कोण उघडणार, तुम्ही?" मास्तर हे सांगताना हसत होते.

आता तुला माहीत नाही ते लिहितो.

बावीस जूनला चपराशी आला. चर बुजवण्यात आणखी कोण कोण होते त्यांची नावे त्याला हवी होती. चावडीत मला बसवले, अक्षर चांगले म्हणून. रुख्मा डोंगरावरून खास उतरून आली होती. म्हणाली, "माहं नाव पहिलं लिहा." मग देवकाबाई. मग एकामागून एक. तेवीस नावांनी कागद भरला, मी दुसरा घेतला. शेवटी बोरटोल्याच्या दोघी आल्या. त्यांच्याच घरच्या माणसांनी तो चर खोदला होता. एकूण त्रेचाळीस झाली. मी खाली माझेही नाव लिहायला लागलो तर देवकाबाईने लेखणी धरली. "तू कायले? तू होतास कुठं?" मी नाव लिहिले नाही. ते खरेच होते.

चपराशी कागद घेऊन गेला. अजून कोणी आलेले नाही. मास्तर म्हणतात, त्रेचाळीस बायांना ठेवायला जागा लागते.

अठ्ठावीस जूनला पहिला मोठा पूर आला. सकाळपासून डोंगरावर काळे होते. दुपारी हळदीचा आवाज बदलला. आम्ही वीसेक जण खिंडीत गेलो. पाणी छातीएवढे, पिवळेजर्द, त्यात अख्खी झाडे. हातभर मुरमाची ती पाळ माझ्यादेखत विरघळली, जशी नव्हतीच. मग पाणी थेट तुमच्या भरावावर आले. वरच्या बाजूचा एक कोपरा खचला. रुख्माचा नवरा काठच्या मांडीभर पाण्यात उतरला, त्याच्यामागे मी. वरून बाया दगड देत होत्या, आम्ही लावत होतो. काऊन लावून राहिलो, टिकते का जाते, काही विचार नव्हता. बाई, मी सहा वर्षे नद्या काढल्या, पण पाणी मांडीला कसे ढकलते ते विसरून गेलो होतो. दिवस मावळायच्या आत पूर उतरला. भराव राहिला. हळदी आपल्याकडे वळली.

तळे पाऊण भरले. परवापासून सलंगावरून, तळ्याच्या सांडव्यावरून, पाणी पडेल असे देवकाबाई म्हणते. धानाची रोवणी सुरू झाली, शांती सगळ्यांबरोबर चिखलात असते. तुडुमाला मी हात लावला नाही. पाळ्या देवकाबाई सांगते, ती म्हणते, बाई येईपर्यंतच.

पंचवीस तारखेला मी गाडी घेऊन भंडाऱ्याला येतो. पूर असला तर अलीकडच्या काठावर थांबेन.

तुझा,
केवळराम

&nbsp;

भंडारा
१९ जुलै १९२७

चिरंजीव केवळरामाले आशीर्वाद.

तुहं पत्र इथल्या जमादारणीनं आधी वाचलं, मग मले दिलं. देताना म्हणाली, "बाई, तुमचं तळं भरलं." तिले वाचून काय आनंद झाला कोणास ठाऊक, तिचं गाव नदीकाठचं नाईच.

भरावावर करवंदीची जाळी लाव, मुळं माती धरतात. खचलेल्या कोपऱ्याले बाहेरून दगड दे. रुख्माच्या नवऱ्याले विचारल्याबिगर दगड बसवू नको, त्याले पाण्याचा अंदाज आहे. देवकाबाईले सांग, उसाले दोन दिवस कमी दे, धान आधी.

देवकाबाईनं तुले नाव लिहू दिलं नाई, ते बरोबर केलं. तू लिहिलं नाई, तेबी बरोबर केलं.

पंचवीसले गाडी घेऊन येऊ नको. रोवणीत एक माणूस अन् एक बैलजोडी कायले वाया घालवतोस? दुसरंबी कारण आहे. इथं माह्यासंगं वच्छला म्हणून बाई आहे, चुलबंद जिथं वैनगंगेले मिळते तिथली. तिच्या गावचा नाला नव्या नक्शात आहे, पण तो आठ महिने कोरडा म्हणून दाखवला. खालच्या गावच्या माणसानं त्याच्यावर आपला हक्क सांगतला. तिनं त्याचा बांध फोडला म्हणून ती इथं. मी तिले विचारलं, तुमच्या शेजारच्या गावाचं काय? तिले माहीत नाई. कोणालेच माहीत नाई. खिंडीत कुदळ वाजली म्हणून आपल्याले कळलं, नाई तर आपणबी आजवर नक्शा न पाहताच निर्धास्त बसलो असतो.

म्हणून मी सुटली का सरळ घरी येणार नाई. वच्छला चार दिवस आधी सुटते, तिच्या गावाले जाईन. तिथून चुलबंदीच्या काठाकाठानं वर निघीन. जो नाला आडवा येईल त्याच्या गावात थांबीन अन् विचारीन, तुमचा नाला कुठून येते, कुठं जाते, कोणत्या महिन्यापर्यंत वाहते. पाणी चढलं तर बसीन, उतरलं तर चालीन. पोळ्याले घरी पोचीन. कार्तिकात मोजणीवाले आले तर फक्त कोसमटोल्यात नाई, काठावरच्या प्रत्येक गावात त्यांच्याबरोबर चालायले माणूस उभा पाहिजे.

तुहं अक्षर चांगलं आहे अन् हात सफाईदार आहे, हे तुह्या सायबानं सांगतलं तेवढं मले पटते. रोवणी उरकली का कोरे कागद, शाई अन् मेणकापड घेऊन नदी उतरत खाली ये. जिथं भेटशील तिथून आपण दोघं परत वर चालू. लोक सांगतील, मी पाहीन, मग तू नक्शा काढ. मी पाहिल्याबिगर एकबी रेघ ओढायची नाई.

जोडे आणू नको. चुलबंदीच्या काठचा चिखल जोडे ठेवून घेते.

तुही बाई,
अनुसया